गळाचा छंद आणि आपल्या नद्यांचा इतिहास

श्रोतेहो, कोल्हापूर म्हटले की डोळ्यांपुढे तालमीतली लाल माती येते, गुऱ्हाळावरची रसाने उकळणारी काहील येते, पंचगंगेचा घाट येतो. गळ टाकून मासे धरण्याचा खेळ काही चटकन आठवत नाही. पण रंकाळ्याच्या कडेने एकदा सावकाश फेरी मारून या. दगडी काठावर कुणीतरी काठी धरून बसलेला असतोच. शेजारी डब्यात गांडुळे, नाहीतर कणकेचे गोळे. तंगुसाचा दोर पाण्यात गेलेला आणि नजर त्या दोरावर खिळलेली. त्याला विचारा, ‘काय गावलं काय?’ तो मान हलवील आणि पुन्हा पाण्याकडे पाहील. दोन तास बसून हाताला काही लागले नाही तरी हा मनुष्य पुढच्या सुट्टीला पुन्हा हजर.

आता हा मासेमारीचा धंदा नव्हे. धंदा करणारा भोई किंवा कोळी जाळे टाकतो. त्याला घर चालवायचे असते, वेळ दवडून भागत नाही. गळवाला मात्र वेळ दवडण्यासाठीच आलेला असतो. पोटासाठी मासा धरणे आणि हौसेसाठी मासा धरणे, या दोन गोष्टींत जो फरक आहे त्यातूनच या खेळाचा इतिहास सुरू होतो. आजच्या भाषणात मी तो इतिहास थोडक्यात सांगणार आहे. आपल्या नद्यांत कोणते मासे होते, त्यांचे काय झाले, हे आज आपल्याला जे काही ठाऊक आहे, त्यातला बराच भाग या हौशी मंडळींनी लिहून ठेवला म्हणून ठाऊक आहे. म्हणून हा इतिहास खेळापुरता राहत नाही, तो नदीचाही होतो.

प्रथम जाऊ जुन्या काळात. आपल्याला वाटते, छंद म्हणून गळ टाकणे हे साहेबाने आणलेले खूळ असावे. तसे नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यात तिसरा सोमेश्वर नावाचा राजा होऊन गेला. कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातले बसवकल्याण. इ. स. ११३० च्या सुमारास त्याने ‘मानसोल्लास’ नावाचा एक मोठा संस्कृत ग्रंथ रचला. पाच भाग, प्रत्येक भागात वीस अध्याय, असे शंभर अध्याय. राज्य कसे मिळवावे, कसे टिकवावे, इथपासून स्वयंपाक, दागिने, संगीत, नृत्य, सारे काही त्यात आले आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ ओळखीचा आहे, कारण त्यात आपल्या भाषेचे काही फार जुने नमुने सापडतात.

या ग्रंथाच्या चौथ्या भागात राजाच्या करमणुकी सांगितल्या आहेत. तिथे ‘मल्लविनोद’ आहे, म्हणजे कुस्ती. हे कोल्हापूरकरांना ऐकायला बरे वाटेल. त्याच भागात कोंबड्यांच्या झुंजी आहेत, ससाण्याची शिकार आहे आणि ‘मत्स्यविनोद’ नावाचा एक अध्याय आहे. हा अध्याय केवळ गळाच्या खेळावर आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, मोठे कोणते, लहान कोणते, अशी सुमारे पस्तीस माशांची यादी सोमेश्वराने दिली आहे. कोणता मासा कुठे राहतो आणि काय खातो हे सांगितले आहे. माशांना ठराविक जागी रोज खाद्य टाकून सवय लावावी, दोर कोणत्या तंतूंचा वळावा, गळ कसा असावा, आमिष कोणते लावावे, हेही आले आहे. आजचा रंकाळ्यावरचा गळवाला आदल्या दिवशी पाण्यात पेंड टाकून ठेवतो आणि म्हणतो, ‘जागा धरली.’ सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाला ही युक्ती ठाऊक होती.

सोमेश्वराचा आणि आपल्या मुलखाचा संबंध होता बरे का. त्याच्या वडिलांची, सहाव्या विक्रमादित्याची, एक राणी चंद्रलेखा ही कऱ्हाड-कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातली. सोमेश्वराच्या काळात कोल्हापूर प्रांतावर गंडरादित्य हा शिलाहार राजा चालुक्यांचा मांडलिक म्हणून राज्य करीत होता. या गंडरादित्याने मिरज प्रांतात इरुकुडी येथे ‘गंडसमुद्र’ नावाचा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध व जिन या तिन्ही देवांची स्थापना केली, असे त्याचा ताम्रपट सांगतो. तलाव बांधणारे राजे आणि माशांची यादी करणारा राजा एकाच काळातले. पाण्याकडे नीट पाहणारी ही माणसे होती.

‘मानसोल्लास’ छापून लोकांसमोर आणण्याचे काम बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने केले. संपादक होते गजानन श्रीगोंदेकर. पहिला खंड १९२५ मध्ये निघाला, दुसरा १९३९ मध्ये. पुढे सुंदरलाल होरा या थोर मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये ‘मत्स्यविनोदा’वर एक स्वतंत्र निबंध लिहिला. होरा हे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे प्रमुख होते. त्याआधी मुंबईच्या नैसर्गिक इतिहास मंडळाच्या नियतकालिकात त्यांनी हिंदुस्थानातल्या खेळाच्या माशांवर लेखमाला लिहिली होती. शास्त्रज्ञाने राजाच्या करमणुकीचा अध्याय हाती घेतला तो एवढ्यासाठी, की बाराव्या शतकात दख्खनच्या पाण्यात काय पोहत होते याची इतकी नेटकी नोंद दुसरीकडे मिळणे कठीण.

यानंतर मी थेट एकोणिसाव्या शतकात येतो. इंग्रजी अमलात विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक लष्करी अधिकारी मुंबई सरकारच्या नोकरीत होता. दख्खनची लोकसंख्या, पिके, बाजार, हवामान यांची माहिती गोळा करणे हे त्याचे काम. या कामासाठी तो गावोगाव फिरला आणि फिरता फिरता पक्षी, जनावरे आणि मासेही टिपत गेला. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

शिक्षक बंधुभगिनींनी ही पुढची गोष्ट वर्गात जरूर सांगावी. नव्या माशाला शास्त्रीय नाव देताना साइक्सने पुष्कळ ठिकाणी नदीकाठच्या लोकांचेच शब्द घेतले. भोई ज्याला शिंगटी म्हणत तो त्याच्या लेखात ‘सींगटी’ झाला. मळ्या नावाचा दगडाला चिकटणारा छोटा मासा ‘मुल्या’ झाला. ज्याच्या नाकाडावर आडवी खाच असते, नाक तुटल्यासारखे दिसते, तो ‘नुक्ता’ झाला. कोळशीचे ‘कोलुस’ झाले. ही नावे आजही जगभरच्या शास्त्रग्रंथांत तशीच आहेत. जपानमधला किंवा जर्मनीतला प्राध्यापक या माशांविषयी लिहितो तेव्हा तो, त्याला ठाऊक नसले तरी, मराठी भोयांच्या तोंडचा शब्द लिहीत असतो. त्या भोयांची नावे मात्र कुठल्याही पानावर नाहीत.

साइक्सने टिपलेल्या माशांतला सर्वांत मोठ्या मानाचा मासा म्हणजे खडशी. कुणी त्याला खडस म्हणतो, कुणी महाशीर. साइक्सला तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला आणि त्याने त्याचे नाव ठेवले ‘खुद्री’. अंगावर तळहातात मावणार नाहीत असे मोठाले खवले, जाड ओठ, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या आणि परांवर निळसर झाक. भीमा काय, कृष्णा काय, सह्याद्रीतून पूर्वेला वाहणाऱ्या नद्यांचा हा घरचा मासा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन पंचगंगा प्रयाग चिखलीहून निघते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. म्हणजे तिचे पाणीही याच माशाच्या घरातले.

हा मासा गळाला लागला म्हणजे काय होते ते अनुभवी माणसालाच विचारावे. तो गप्प ओढला जात नाही. पहिल्या झटक्याला प्रवाहात शंभर हात धाव घेतो, खडकाआड शिरतो, दोर दगडावर घासून तोडू पाहतो. साहेब लोकांना विलायतेतल्या साल्मन माशाचा मोठा अभिमान. पण हेन्री सलिव्हन थॉमस नावाच्या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने १८७३ मध्ये हिंदुस्थानातल्या गळाच्या खेळावर पुस्तक लिहिले आणि त्यात महाशीराला साल्मनच्याही वर बसवले. हा थॉमस दक्षिण कानडा जिल्ह्यात कलेक्टर होता. त्याला नुसती शिकार नको होती. नद्यांत विष घालून मासे मारणे, बारीक आसाच्या जाळ्यांनी पिले गाळून काढणे, यांविरुद्ध त्याने सरकारकडे अहवाल पाठवले. अशा लोकांच्या ओरडीमुळे १८९७ मध्ये हिंदुस्थानात मत्स्यव्यवसायाचा कायदा झाला आणि पाण्यात सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे गुन्हा ठरले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. साहेबाची काठी, साहेबाची सुटी, साहेबाचे पुस्तक. पण डोह कुठे आहे, मासा कोणत्या वेळी वर येतो, कोणते फळ पाण्यात पडले की तो तिथे जमतो, हे सांगणारा मनुष्य गावचाच होता. खेळाचे श्रेय एकाकडे गेले आणि ज्ञान दुसऱ्याचे होते. हा हिशेब अजून चुकता झालेला नाही.

आता होडीकडे वळू. काठावरून गळ टाकणे सोपे, पण मोठा मासा धारेच्या मध्यात असतो. तिथे जायचे कसे? आपल्याकडे नदी ओलांडायला निरनिराळी साधने होती. पोकळ भोपळे बांधून केलेली सांगड होती, एका लाकडात कोरलेली डोण होती. आणि कोल्हापूरच्या बाजूची खास गोष्ट म्हणजे गुऱ्हाळाची काहील. रस आटवायची ती भली मोठी पसरट कढई, पण पाण्यात सोडली की ती होडी होते. पूर आला, रस्ते बुडाले की नदीकाठच्या गावांतून माणसे, गाठोडी आणि शेरडे काहिलीतून पलीकडे नेल्याच्या गोष्टी घरोघरी ऐकायला मिळतात.

दक्षिणेला कानडी मुलखात हेच काम गोल टोपली करते. तिथे तिला हरिगोलु म्हणतात. बांबूच्या कामट्यांची टोपली, तिला बाहेरून पूर्वी कातडे आणि अलीकडे मेणकापड किंवा प्लास्टिक. कावेरीवर महाशीराच्या खेळात ही टोपली फार कामाची ठरली. मासा दोर घेऊन खडकामागे शिरला की काठावरचा मनुष्य लाचार होतो. टोपलीतला नावाडी मात्र वल्ह्याच्या दोन फटकाऱ्यांनी खडकावर जातो आणि अडकलेला दोर सोडवतो. तिला नाळ नाही, सुकाणू नाही, सारी भिस्त नावाड्याच्या मनगटावर आणि नदीच्या ओळखीवर. १९४६ मध्ये म्हैसूर राज्यात काबिनी नदीवर व्हॅन इंगेन नावाच्या गृहस्थाने १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा, महाशीर गळाने धरला. एका जवान माणसाच्या वजनाचा मासा! तो विक्रम आजही सांगितला जातो.

समुद्राकडे हा खेळ गेला तो साधारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ कॅटलिना नावाचे बेट आहे. तिथे चार्ल्स होल्डर या गृहस्थाने १८९८ मध्ये काठी आणि दोर यांवर १८३ पौंडांचा ट्यूना मासा धरला आणि त्याच वर्षी खेळाडूंची एक संस्था काढली. तिच्या नियमांचा मतलब असा, की दोर फार जाड नको. माशालाही निसटायची संधी पाहिजे. कुस्तीत जसे डाव ठरलेले आणि काही गोष्टी निषिद्ध, तसेच हे. मग या खेळासाठी खास यंत्राच्या होड्या बांधल्या जाऊ लागल्या. मागच्या बाजूला फिरती खुर्ची, खेळाडूला पट्ट्याने तिच्यात बांधलेले, काठीचा बुंधा खोबणीत, आणि मासा जिकडे पळेल तिकडे नावाडी होडी वळवणार.

असल्या होड्यांत सगळ्यांत गाजलेली होडी अर्नेस्ट हेमिंग्वे या लेखकाची. नाव ‘पिलार’, लांबी ३८ फूट, १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात बांधलेली. क्यूबाच्या समुद्रात तो तिच्यातून मोठमोठे मार्लिन धरी. पण त्याच वर्षी त्याने फिलाडेल्फियाच्या विज्ञानसंस्थेतल्या तज्ज्ञांना आपल्या होडीवर बोलावले आणि धरलेले मासे मोजायला, तपासायला दिले. त्यांपैकी हेन्री फाउलर याने पुढे एका माशाला हेमिंग्वेचे नाव दिले. १९३९ मध्ये खेळाच्या मासेमारीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तीही न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात. विक्रमाची नोंद करायची तर मासा कोणत्या जातीचा हे नक्की ठरवावे लागते, वजन नीट घ्यावे लागते, जागा आणि दिवस लिहावा लागतो. खेळाच्या ईर्ष्येने लिहिलेल्या या नोंदी शास्त्राच्या कामी आल्या.

आपल्या महाराष्ट्रात संघटित गळाच्या खेळाचे ठिकाण म्हणजे मुंबईचा पवई तलाव. १८९१ मध्ये हा तलाव शहराला पाणी देण्यासाठी बांधला, पण पाणी पिण्यालायक ठरले नाही. पुढे हौशी गळवाल्यांच्या संस्थेने तिथे आपला मुक्काम केला. पूर्वी तिच्या नावात बॉम्बे प्रेसिडेन्सी होते, पुढे ती महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन झाली.

महाशीराची महाराष्ट्रातली मोठी कामगिरी मात्र लोणावळ्याला झाली. टाटा कंपनीने विजेसाठी मावळात धरणे बांधली, त्यांत वळवणचा जलाशय आहे. धरण आले की महाशीराची वाट अडते. हा मासा पावसाळ्यात पाण्याविरुद्ध वर चढतो आणि वाळू-खड्यांच्या उथळ, वाहत्या जागी अंडी घालतो. इतर माशांची अंडी लाखांनी असतात, याची हजारांत. त्यामुळे तो एकदा कमी होऊ लागला की लवकर सावरत नाही. १९७० च्या सुमारास डॉ. चिं. वि. कुलकर्णी यांनी या कामात लक्ष घातले. ते पूर्वी राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक होते. जलाशयातली पिकलेली मादी हलक्या हाताने धरून तिची अंडी काढायची, नराचे बीज त्यांत मिसळायचे आणि वाहत्या पाण्याच्या तबकांत ती ठेवायची. तीन-चार दिवसांत पिले बाहेर येतात. १९७१ मध्ये त्यांचा याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यानंतर वळवणच्या पिलांची पेटारे भरभरून देशभर पाठवणी झाली.

श्रोतेहो, इथे गोष्टीला वळण लागते. ही पिले कावेरीतही सोडण्यात आली. हेतू चांगलाच होता. कावेरीत महाशीर कमी झाला होता, गळाच्या खेळावर गावच्या माणसांना रोजगार मिळत होता, नदी भरावी असे सर्वांनाच वाटले. पण कावेरीचा मूळचा महाशीर वेगळ्या जातीचा होता. त्याच्या मानेपाशी उंचवटा, पर नारिंगी. काबिनीचा तो १२० पौंडांचा विक्रमी मासा याच जातीचा. आपला निळ्या परांचा खडशी तिथे गेला, रुजला आणि वाढला. आणि मूळचा उंचवट्याचा मासा दिसेनासा होऊ लागला. धरणे, वाळूउपसा, सुरुंग ही कारणे होतीच, त्यांत या पाहुण्याची भर पडली.

हे कशावरून कळले? गळवाल्यांच्या वह्यांवरून! कावेरीवर गलिबोरे येथे खेळाडूंसाठी छावणी होती. तिथे नियम असा, की मासा धरायचा, मोजायचा, वहीत लिहायचे आणि जिवंत परत पाण्यात सोडायचा. १९९८ पासून २०१२ पर्यंतच्या त्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा दिसले की निळ्या परांचे मासे वाढत गेले आणि उंचवट्याचे मासे घटत गेले. २०१५ मध्ये ही गोष्ट जगापुढे आली. २०१८ मध्ये त्या माशाला पक्के शास्त्रीय नाव मिळाले, आणि जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त ठरला. ज्या माशासाठी जगभरातून लोक येत होते, त्याला शास्त्राच्या दप्तरात नाव मिळाले ते तो नाहीसा व्हायच्या बेतात असताना. खेळाडूंच्या वह्या नसत्या तर तेवढेही झाले नसते. तो गुपचूप गेला असता.

म्हणून मी म्हणतो, पंचगंगेकडे आता वहीच्या नजरेने पाहिले पाहिजे. कोल्हापूरच्या माशांची एक शास्त्रीय यादी कलावार आणि केळकर या दोघांनी १९५६ मध्ये मुंबईच्या नैसर्गिक इतिहास मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तेव्हाची पंचगंगा आणि आजची पंचगंगा यांत किती अंतर पडले आहे हे नदीकाठच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांची मळी नदीत आल्याने मेलेल्या माशांचा खच काठाला लागल्याच्या बातम्या आपण पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. नदीच्या प्रदूषणाचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. वर घाटाकडे मोठी धरणे झाली, खाली कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे झाले. या बंधाऱ्यांनी शेती पिकवली, त्यांना नावे ठेवून चालणार नाही. पावसाळ्यात बरगे काढतात तेव्हा माशाला थोडीफार वाट मिळते. मोठ्या धरणाच्या भिंतीपाशी मात्र ती संपते.

माशांची वस्तीही बदलली. कटला, रोहू, मृगळ हे गंगेकडचे मासे आपण तलावांत आणि धरणांत आणून सोडले. चिलापी आफ्रिकेतून आला आणि जिकडे तिकडे झाला. आफ्रिकी मांगुराच्या पैदाशीवर बंदी असूनही तो कुठे कुठे पाण्यात दिसतो. आज रंकाळ्यावर बसलेल्या पोराच्या गळाला जो मासा लागतो तो बहुधा त्याच्या पणजोबांनी कधी पाहिलेला नसतो. आणि पणजोबांनी पाहिलेले नकटा, कोळशी आणि खडशी हे मासे त्या पोराला नावानेही ठाऊक नसतात.

सगळेच गेले असे मात्र नाही. लोकांनी देवाच्या नावाने राखलेले पाणी अजून आहे. महाड तालुक्यात वाळणकोंडीला आणि वाड्याजवळ तिळसेश्वराला नदीच्या डोहातले महाशीर देवाचे म्हणून कुणी मारीत नाही. भाविक त्यांना चुरमुरे घालतात. आपल्या आजरा-गडहिंग्लजकडे वाहत येणारी हिरण्यकेशी नदी आंबोलीला जिथे उगम पावते, तिथल्या देवळाच्या कुंडात २०२० मध्ये शास्त्राला अगदी नवी असलेली एक छोटी मासळी सापडली. तिला नदीचेच नाव मिळाले आणि २०२१ मध्ये ती जागा सरकारने जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. शेकडो वर्षे लोक त्या कुंडाला हात जोडत आले. त्या हात जोडण्याने एक अख्खी जात राखली गेली.

आता शेवटी दोन शब्द करण्यासारख्या कामाविषयी. गुरुजींनो आणि बाईंनो, नदीकाठच्या, तळ्याकाठच्या शाळेत एक वही घालता येईल. खर्च काही नाही. त्यात रकाने एवढेच पाडायचे: तारीख, पाणी कोणते, मासा कोणता, गावात त्याला काय म्हणतात, लांबी बोटांत किंवा सेंटिमीटरमध्ये, आमिष काय लावले होते, आणि मासा ठेवला की सोडला. सुट्टीच्या दिवशी मुले गळ टाकतातच. त्यांना तो टाकू नका म्हणण्यापेक्षा लिहायला लावा. गावातल्या म्हाताऱ्या भोयाला शाळेत बोलवा, त्याला खुर्ची द्या, आणि तो जी नावे सांगेल ती जशीच्या तशी उतरून घ्या. या वेळी वहीत त्याचे नावही लिहा. साइक्सकडून ते राहून गेले.

आणि गळ टाकणाऱ्या मंडळींना एवढेच सांगणे: पावसाळ्याच्या तोंडाला पोटात अंडी असलेली मादी लागली तर तिला ओल्या हाताने धरून परत सोडा. बाहेरून आणलेला मासा, मग तो कितीही देखणा असो, नदीत टाकू नका. कावेरीत काय झाले ते आपण ऐकलेच. देवाच्या डोहात गळ नको. बाकी खेळ खुशाल खेळा. सोमेश्वर राजाने तो राजाला शोभणारा विनोद मानला होता. फक्त घरी परतल्यावर, मासा लागो न लागो, दोन ओळी लिहून ठेवा. ‘आज काही लागले नाही’ एवढे लिहिले तरी पुढे कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.